लांबचे जवळ आणण्याचा हिशेब

आपल्या महाविद्यालयात डिजिटल एसएलआर कॅमेरा बाळगणारे विद्यार्थी आता विरळ राहिलेले नाहीत. कोणाच्या थोरल्या भावाने पुण्याहून किंवा हैदराबादेहून जुना कॅमेरा आणून दिलेला असतो, कोणी लग्नसराईत फोटो काढून चार पैसे मिळवतो, तर कोणी नुसत्या हौसेने कॅमेरा गळ्यात अडकवून माळावर हिंडतो. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ मि.मी.ची लेन्स वापरून पाच-सहा महिने झाले की या सर्वांना एकच उणीव जाणवू लागते. समोर शंभर पावलांवर उभे असलेले काळवीट फोटोत मुंगीएवढे उमटते. देवळाच्या शिखराजवळची मूर्ती दिसते, पण तिचा चेहरा दिसत नाही. मग भौतिकशास्त्राच्या विभागात येऊन मला विचारणा होते : "सर, टेलिफोटो झूम कोणती घेऊ? आणि दुप्पट करणारा कन्व्हर्टर लावला तर लहान लेन्सवरच भागणार नाही का?"

वरवर पाहता हा खरेदीचा प्रश्न आहे. पण त्याचे उत्तर दुकानदाराच्या माहितीपत्रकात नाही, पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकातील प्रकाशाच्या प्रकरणात आहे. आपल्याकडील बहुतेक विद्यार्थ्यांच्या हातात या कामासाठी एकदाच पैसे येतात, आणि तेही घरच्यांनी तुरीच्या नाही तर सोयाबीनच्या पट्टीतून बाजूला काढलेले असतात. चुकीची वस्तू घेतली तर दुसरी घेण्याची सोय नसते. म्हणून हा हिशेब एकदा सविस्तर मांडावा, असे वाटले.

आरंभी लेन्सवरच्या आकड्याचा अर्थ पाहू. ७०-३०० असे लिहिलेले असते तेव्हा त्या लेन्सचे नाभीय अंतर ७० मि.मी.पासून ३०० मि.मी.पर्यंत बदलता येते, असा त्याचा अर्थ. दूरच्या वस्तूची कॅमेऱ्याच्या संवेदकावर पडणारी प्रतिमा किती मोठी असेल, हे काढण्याची रीत सोपी आहे. वस्तूची लांबी गुणिले नाभीय अंतर, भागिले वस्तूपर्यंतचे अंतर. नराचे शरीर साधारण १.२ मीटर लांब धरू आणि तो १०० मीटरवर उभा आहे असे समजू. ३०० मि.मी.च्या लेन्सने त्याची प्रतिमा १.२ × ३०० ÷ १०० म्हणजे ३.६ मि.मी. लांबीची पडेल. आपल्याकडील बहुतेक कॅमेऱ्यांचा संवेदक सुमारे २३.५ मि.मी. रुंद असतो आणि २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात त्या रुंदीवर ६००० बिंदू असतात. म्हणजे काळविटाच्या वाट्याला सुमारे ९०० बिंदू येतात. लेन्स ५०० मि.मी.ची असेल तर ६ मि.मी. आणि सुमारे १५०० बिंदू.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यात ३०० ची लेन्स "४५० ची होते" असे सांगितले जाते. लेन्स तीच राहते, प्रतिमाही तेवढीच पडते. मोठ्या संवेदकाने पाहिलेल्या चित्राच्या कडा कापल्या जातात, इतकेच. कात्रीने फोटो कापला म्हणून त्यातले काळवीट मोठे होत नाही.

वरील सूत्रातून आणखी एक गोष्ट निघते. अंतर १०० ऐवजी ५० मीटर झाले, तर तीच ३०० मि.मी.ची लेन्स ७.२ मि.मी.ची प्रतिमा देते. दुप्पट करणारा कन्व्हर्टर नेमके हेच करतो. पण अंतर कमी झाल्याने प्रकाश कमी होत नाही, कन्व्हर्टरने तो होतो. का, ते आता पाहू.

कन्व्हर्टर म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी एक आखूड नळी. तिच्यातील भिंगांचा समूह एकंदरीत अंतर्वक्र भिंगाचे काम करतो. ही युक्ती नवी नाही. इंग्रज गणिती पीटर बार्लो याच्या नावाने ओळखले जाणारे, दुर्बिणीची वाढ करणारे भिंग १८३० नंतरच्या दशकातले आहे. स्थिर छायाचित्रणासाठी झूम लेन्स मात्र बरीच उशिरा आली. फोख्टलेंडर कंपनीची 'झूमार' १९५९ मध्ये बाजारात आली, तिच्या आधी छायाचित्रकाराला प्रत्येक अंतरासाठी वेगळी लेन्स बाळगावी लागे.

हा कन्व्हर्टर आपल्या प्रयोगशाळेतच करून पाहता येतो. प्रकाशीय बाकावर २० सें.मी. नाभीय अंतराचे बहिर्वक्र भिंग लावा आणि खिडकीबाहेरच्या झाडाची प्रतिमा पडद्यावर घ्या. पडदा भिंगापासून २० सें.मी.वर येईल. आता बहिर्वक्र भिंगापासून १५ सें.मी.वर, म्हणजे पडद्याच्या ५ सें.मी. अलीकडे, १० सें.मी. नाभीय अंतराचे अंतर्वक्र भिंग ठेवा. एकत्र येऊ पाहणारे किरण थोडे पसरतात आणि ५ सें.मी.ऐवजी १० सें.मी. पुढे जाऊन मिळतात. पडदा तेवढा मागे सरकवा. झाड बरोबर दुप्पट दिसेल. बाकाची लांबी २० वरून २५ सें.मी. झाली, पण काम मात्र ४० सें.मी.च्या भिंगाचे झाले. येथपर्यंत सगळे आनंदाचे आहे.

पण त्याच पडद्याकडे नीट पाहिले, तर झाड मोठे झाले आहे तसेच ते अंधुकही झालेले दिसेल. खिडकीतून भिंगात शिरणारा प्रकाश तेवढाच आहे, आणि तो आता लांबीने दुप्पट व रुंदीनेही दुप्पट, म्हणजे चौपट जागेवर पसरला आहे. ताकात पाणी घातले की तांब्या भरतो, पण ताक वाढत नाही. छायाचित्रकाराच्या भाषेत सांगायचे तर दुप्पट कन्व्हर्टरने एफ/५.६ ची लेन्स एफ/११ होते आणि प्रकाश एकचतुर्थांश उरतो. १.४ पटीच्या कन्व्हर्टरने एफ/८ होते आणि प्रकाश निम्मा उरतो, कारण १.४ चा वर्ग जवळजवळ २ आहे.

सकाळच्या कोवळ्या उन्हात याचा परिणाम काय होतो, हे आकड्यांत पाहू. आयएसओ ४०० आणि एफ/५.६ असताना १/४०० सेकंद मिळाले, असे धरू. पळत्या काळविटासाठी निदान १/१००० सेकंद हवे. म्हणजे नुसत्या लेन्सने आयएसओ १००० करावा लागेल, आजच्या कॅमेऱ्याला ते जड नाही. दुप्पट कन्व्हर्टर लावला, तर तोच आयएसओ ४००० वर न्यावा लागेल, आणि चित्रात वाळू सांडल्यासारखे दाणे दिसू लागतील.

प्रकाशाखेरीज कन्व्हर्टर आणखी दोन प्रकारे किंमत वसूल करतो. एक म्हणजे प्रतिमेबरोबर तो लेन्सचे दोषही वाढवतो. स्वस्त झूम लेन्स शेवटच्या टोकाला, म्हणजे २५० किंवा ३०० मि.मी.वर, आधीच थोडी मऊ चित्रे देते. तो मऊपणा दुप्पट करून पाहण्यात काय लाभ? नुसत्या लेन्सचा फोटो संगणकावर कापून मोठा केला, तरी अशा वेळी तेवढाच तपशील हाती येतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

दुसरी अडचण फोकसची. एसएलआर कॅमेऱ्यात आरशाच्या खाली फोकस साधणारे वेगळे संवेदक असतात आणि ते लेन्सच्या दोन कडांकडून येणाऱ्या किरणांची तुलना करतात. लेन्सचे छिद्र लहान झाले की या दोन बाजू एकमेकींजवळ येतात आणि तुलना होईनाशी होते. साध्या कॅमेऱ्यांची ही मर्यादा एफ/५.६ आहे. निकॉन डी ७२०० व डी ७५००, कॅनन ७डी मार्क २ यांसारखे कॅमेरे मधल्या बिंदूवर एफ/८ पर्यंत काम करतात. एफ/११ ला मात्र आरशाचा कॅमेरा हात टेकतो. म्हणजे एफ/५.६ ची झूम आणि दुप्पट कन्व्हर्टर हे जोडपे साध्या कॅमेऱ्यावर बसवले, की फोकस हाताने करावा लागणार. स्वस्तातले काही कन्व्हर्टर कॅमेऱ्याला आपण मध्ये आहोत हे कळूच देत नाहीत. कॅमेरा प्रयत्न करीत राहतो, लेन्स पुढे-मागे घरघरते, आणि तोवर पाखरू उडून जाते.

मग कन्व्हर्टर निरुपयोगी आहे काय? तसे नाही. तो कोणासाठी आहे, हे ओळखले पाहिजे. आपल्या बीदर-कलबुर्गी भागात टेलिफोटोने टिपण्याजोग्या गोष्टी दोन प्रकारच्या आहेत, पळणाऱ्या आणि न पळणाऱ्या. माळावरची काळविटे आणि हिवाळ्यात येणारे भोवत्या पक्षी ही पहिल्या प्रकारची. देवळे, मिनार आणि शिलालेख ही दुसऱ्या प्रकारची. आणि दगड घाई करीत नाही.

हुमनाबाद तालुक्यातील जलसंगवीच्या चालुक्यकालीन मंदिराच्या भिंतीवर एक स्त्री शिलालेख लिहिताना कोरलेली आहे, आणि तिने लिहिलेला मजकूर सहाव्या विक्रमादित्याच्या स्तुतीचा आहे. १०७६ ते ११२६ अशी पन्नास वर्षे आपल्या कल्याणहून, म्हणजे आजच्या बसवकल्याणहून, राज्य करणारा हाच तो राजा. बीदरमध्ये १४७२ साली उभारलेल्या महमूद गवानच्या मदरशाचा एक मिनार उभा आहे, आणि त्यावरचे रंगीत फरशांचे काम जमिनीवरून डोळ्यांना नुसते रंगाचे पट्टे वाटते. अशा जागी खाली उभे राहून मान वर करून साध्या लेन्सने फोटो घेतला, तर उभ्या रेषा वर एकमेकींकडे झुकतात. चांगले दूर जाऊन लांब लेन्सने घेतला, तर आकार आपल्या प्रमाणात राहतो. येथे कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवता येतो, शटर अर्धा सेकंद उघडे राहिले तरी बिघडत नाही, आयएसओ १०० ठेवता येतो, आणि मागच्या पडद्यावर चित्र मोठे करून हाताने सावकाश फोकस करता येतो. कन्व्हर्टरच्या तीन अडचणींपैकी प्रकाशाची आणि फोकसची अशा दोन येथे उरतच नाहीत. तिसरीवर, म्हणजे दोषांवर, छिद्र एक पायरी लहान करून बराच ताबा मिळवता येतो. ट्रायपॉडवर लेन्समधील कंपरोधक यंत्रणा बंद ठेवावी, शटर दोन सेकंदांच्या टायमरने दाबावे, आणि कोरीव कामासाठी सकाळचे किंवा उतरत्या दुपारचे तिरपे ऊन निवडावे, म्हणजे अक्षरांच्या खोबणीत सावली पडून ती वाचता येतात. संरक्षित स्मारकात ट्रायपॉड लावण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, हेही ध्यानात असावे.

थोडक्यात, कन्व्हर्टर दगडासाठी घ्यावा, पळत्या जिवासाठी घेऊ नये. पळत्यासाठी घ्यायचाच असेल तर तो १.४ पटीचा, आणि मुळातच एफ/२.८ किंवा एफ/४ असलेल्या लेन्ससाठी. ७०-२०० एफ/२.८ सारख्या लेन्सला तो लावला, तरी एफ/४ उरते आणि सर्व काही सुरळीत चालते.

आता झूमची निवड. जिथे पैसा बेताचा आहे तिथे कॅननची ५५-२५० एसटीएम किंवा निकॉनची कंपरोधक असलेली ५५-३०० पुरेशी. कॅननची ही लेन्स तर ३७५ ग्रॅमचीच आहे, पिशवीत कुठेही मावते. कॅननची ७५-३०० अनेक जोडसंचांत मिळते, पण तिच्यात कंपरोधक यंत्रणा नाही, हे घेण्याआधी माहीत असावे. याच्या वरची पायरी म्हणजे कंपरोधक असलेली चांगली ७०-३००. आणि पक्ष्यांचाच ध्यास असेल, तर निकॉनची २००-५०० एफ/५.६, सिग्मा किंवा टॅमरॉनची १५०-६००, अथवा कॅननची १००-४००. निकॉनची ही लेन्स सुमारे २.३ किलोची आहे, इतर दोन किलोच्या आतबाहेर. एवढे वजन घेऊन सायकलवरून माळावर जायचे आहे, याचा विचार दुकानात नाही, घरी करावा.

३०० मि.मी.ची लेन्स आणि कन्व्हर्टर अशी जोडी घ्यावी, की तेवढे पैसे साठवून जुनी १५०-६०० घ्यावी, असा पेच पडला तर मी दुसऱ्या बाजूने मत देईन. मोठ्या लेन्सचे तोंड मोठे असते, म्हणून ती प्रकाशही जास्त गोळा करते. त्याला दुसरी युक्ती नाही.

जुन्या बाजाराविषयीही सांगितले पाहिजे. गेल्या काही वर्षांत कंपन्यांचे लक्ष आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे वळले आहे. त्या कॅमेऱ्यांत फोकस मुख्य संवेदकावरच साधला जातो, त्यामुळे एफ/११ ची अडचणही बरीच कमी होते. मात्र आपल्यासाठी याचा लाभ वेगळाच आहे : आरशाचे उत्तम कॅमेरे आणि लेन्स आता निम्म्या किमतीतही हाती लागतात. अशी लेन्स घेताना टॉर्च लावून आतून पाहावी. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसले, तर ती बुरशी होय, अशी लेन्स फुकट मिळाली तरी घेऊ नये. चार धुळीचे कण असले तर चिंता नाही. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकांतील कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. त्यामुळे मोटर नसलेली जुनी ७०-३०० त्यांना बसते, पण फोकस हातानेच करावा लागतो. कन्व्हर्टरचेही तसेच : निकॉन आणि कॅननचे स्वतःचे कन्व्हर्टर ठरावीक महागड्या लेन्सनाच लागतात, कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या झूमला ते बसतच नाहीत. म्हणून आपला कॅमेरा बरोबर नेऊन, लावून, चार फोटो घेऊनच पैसे मोजावेत. लेन्सच्या तोंडावर पेचाने बसवायच्या 'दोन पट टेलिफोटो' नावाच्या स्वस्त वाट्या मिळतात, त्या पाहून पुढे जावे. आमच्या एका विद्यार्थ्याने आणलेली अशी वाटी लावून घेतलेल्या फोटोत प्रत्येक फांदीला जांभळी किनार होती.

लेन्स हातात आल्यावरही काही गोष्टी पैशाने सुटत नाहीत. पहिली हवा. दहा वाजले की काळ्या रानावरची हवा तापून थरथरू लागते. डोळ्यांना जे मृगजळ दिसते, तेच लेन्सलाही दिसते, आणि लेन्स जितकी लांब तितके ते अधिक दिसते. दोनशे मीटरवरचे काळवीट दुपारी कोणत्याही लेन्सने स्वच्छ येणार नाही. म्हणून सूर्य उगवल्यापासूनचे दोन तास हेच खरे. दुसरी गोष्ट आधाराची. ३०० मि.मी.ला निदान १/५०० सेकंद ठेवावे, आणि ट्रायपॉड नसेल तर कापडी पिशवीत दोन-तीन किलो जोंधळा किंवा हरभरा भरून ती बांधावर ठेवावी. तिच्यावर लेन्स घट्ट बसते, आणि पिशवी शिवायला दहा रुपयेही लागत नाहीत.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सूत्रात अंतर निम्मे केले की प्रतिमा दुप्पट होते, हे आपण पाहिले. मग मोटारसायकल घालून कळपाच्या मागे लागण्याचा मोह होतो, आणि तसे करणारे आपल्या पाहण्यात आहेत. पळालेल्या कळपातील मादी पाडसाला मागे टाकून जाते आणि ते कुत्र्यांच्या तावडीत सापडते. काळवीट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याचा पाठलाग करणे हा गुन्हा आहे. लांब लेन्सचे खरे प्रयोजनच हे, की आपण दूर राहावे आणि त्याने चरत राहावे. अंतर कमी करायचे असेल तर बसून करावे. पाणवठ्याच्या वाटेवर, वाऱ्याच्या उलट बाजूला, पांढरे कपडे न घालता तासभर बसले तर पुष्कळदा कळपच जवळ येतो. संडूरच्या मराठा राजघराण्यातले आणि पुढे कर्नाटकाचे अर्थमंत्री झालेले एम. वाय. घोरपडे हे वन्यजीव छायाचित्रकार म्हणूनही विख्यात होते. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेला 'सनलाइट अँड शॅडोज' हा त्यांचा ग्रंथ कृष्णधवल चित्रांसाठी ओळखला जातो. त्या काळी एका रोलमध्ये छत्तीस चित्रे निघत आणि आयएसओ प्रत्येक चित्राला बदलता येत नसे. साधने आपल्याहून तोकडी होती, तरी चित्रे उणी नाहीत.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, पैसे खर्च करण्याचा क्रम असा ठेवावा. आधी कंपरोधक असलेली, आपल्या कॅमेऱ्याला पूर्ण जुळणारी झूम. मग जोंधळ्याची पिशवी आणि जमल्यास बळकट ट्रायपॉड. मग वर्षभर त्याच लेन्सने पहाटेची सवय. त्यानंतरही देवळांच्या उंच भिंती खुणावत असतील, तरच कन्व्हर्टर. इतिहास विभाग आणि आपला विभाग मिळून तालुक्यातील शिलालेखांची चित्रे घ्यावीत, अशी माझी इच्छा आहे. त्यातील बहुतेक लेख कन्नडमध्ये आहेत, वाचणारे आपल्या कन्नड विभागात आहेत, आणि पावसाने दरवर्षी त्यांची थोडी अक्षरे झिजत आहेत. त्या कामाला दुप्पट कन्व्हर्टर उपयोगी पडेल. तो प्रत्येकाने विकत घेण्याची गरज नाही. एक महाविद्यालयाने घ्यावा, आणि ज्याला हवा त्याने नोंदवहीत सही करून न्यावा.